घरातले तुकोबा आणि कान्होबा

तुकाराम महाराजांच्या चरित्रातला एक प्रसंग कीर्तनकार मोठ्या रंगाने सांगतात. घरात पिढीजात सावकारी होती आणि गावातल्या लोकांची कर्जखतं पेटीत पडून होती. 1630 च्या सुमाराला जो भयंकर दुष्काळ पडला, त्यात जिथे माणसंच उरली नाहीत तिथे वसुली कुणाकडून करणार? महाराजांच्या मनात आलं, हे कागद इंद्रायणीत सोडून द्यावेत आणि मोकळं व्हावं. धाकटे भाऊ कान्होबा मात्र म्हणाले, तुम्ही साधू झालात, मला अजून संसार करायचा आहे. मग खतांचे दोन वाटे झाले. कान्होबांचा वाटा कान्होबांकडे राहिला आणि तुकोबांचा डोहात गेला.

इथे कीर्तनकार तुकोबांच्या वैराग्यावर अर्धा तास बोलतात आणि बुक्का लावून पुढे सरकतात. कान्होबांवर कुणी बोलत नाही. मला मात्र दर वेळी वाटतं, अहो, त्या बिचाऱ्याचं म्हणणं तरी काय चुकीचं होतं? फक्त एवढंच ना, की असू देत, लागतील.

प्रत्येक मराठी घरात एक तुकोबा असतो आणि एक कान्होबा. हे वाटप वयावर नसतं, शिक्षणावर नसतं, बाई की पुरुष यावर तर मुळीच नसतं. लग्न जुळवताना पत्रिका, गोत्र, नाडी सगळं बघतात, पण स्थळ टाकणारं आहे की ठेवणारं, हे कुणी विचारत नाही. दोन तुकोबा एकत्र आले तर दुसऱ्या दिवशी चहाचं गाळणं सापडत नाही. दोन कान्होबा एकत्र आले तर तिसऱ्या वर्षी घराचं दार पूर्ण उघडत नाही. म्हणून देव बहुधा एकेक देतो. आमच्याकडे तुकोबांचं काम बायको बघते. मी कान्होबा.

कान्होबांचं सगळं तत्त्वज्ञान 'असू दे' या दोन शब्दांत मावतं. 'लागेल कधीतरी' हे त्यावरचं भाष्य. कुकरची ताणलेली रिंग, असू दे. एका पायाची अडचण असलेलं स्टूल, असू दे, माळ्यावर चढायला होईल. आणि माळ्यावर चढायचं कशाला, तर दुसरं स्टूल ठेवायला.

आमच्या घरात श्रीखंडाचा एक डबा आहे. त्यात किल्ल्या आहेत. एक पितळेची, जाड, कडीपाशी नक्षी असलेली, आजोबांच्या वाड्यातल्या कोठीची. वाडा पडला, त्या जागेवर आता उंच इमारत आहे आणि तिच्यात कोठी नाही. दोन चिमुकल्या, लाल दोऱ्यात बांधलेल्या, कुठल्याशा सुटकेसच्या. एक सायकलची. एक लोखंडी कपाटाची, जिच्यावर नंबर कोरलेला आहे. ते कपाट बहिणीकडे गेलं आणि किल्ली आमच्याकडे राहिली, त्यामुळे बहीण गेली कित्येक वर्षं कपाट चमच्याच्या दांड्याने उघडते. शेजारच्या डब्यात कुलपं आहेत, ज्यांच्या किल्ल्या नाहीत. दर दिवाळीच्या साफसफाईत मी दोन्ही डबे घेऊन फरशीवर बसतो आणि प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपाला लावून बघतो. एकही फिरत नाही. मग कुलपांना तेलाचा थेंब सोडतो, किल्ल्या पुसतो आणि दोन्ही डबे जागच्या जागी ठेवतो. मागच्या खेपेला बायको दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

"अहो, समजा लागली एखादी किल्ली. त्या कुलपाने तुम्ही बंद काय करणार?"

"हा किल्ल्यांचा डबा," मी म्हणालो.

तरीही कान्होबांना लोभी म्हणणं अन्यायाचं आहे. ठेवण्याची सवय लोभातून कमी आणि धास्तीतून जास्त येते. माझ्या आईच्या पिढीने 1972 चा दुष्काळ पाहिला. रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारी पाहिली, जिची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी पाहिली. शहरात रॉकेलच्या रांगेत बायका डबा ठेवून घरी जात, भात टाकत आणि परत येत. तोवर डबा मालकिणीची जागा इमानाने राखून असे. गॅसला नंबर, फोनला नंबर, स्कूटरला नंबर. ज्या घरात नंबर लावल्यापासून स्कूटर दारात येईपर्यंत मूल जन्मून शाळेत जाऊ लागे, त्या घरात जुन्या सायकलची घंटी टाकून देणारा माणूस उधळ्याच ठरणार. वाण्याच्या पुडीचा दोरा सोडवून रिळाला गुंडाळला जाई. लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब मांडला जाई. या सगळ्याला कुणी काटकसरीचा सिद्धांत म्हणत नसे. वस्तू मिळत नाहीत एवढं ठाऊक होतं, म्हणून मिळालेली वस्तू हातची जाऊ द्यायची नाही.

ही धास्ती पुढच्या पिढीच्या अंगात आपोआप उतरते, आणि मधूनच एखादा प्रसंग तिला खतपाणीही घालतो. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, त्या आठवड्यात देशभरातल्या कान्होबांची छाती फुगली असणार. ज्यांच्या घरी जादा मेणबत्त्या, जादा मीठ, जुनं केस कापायचं यंत्र आणि सुई-दोऱ्याची पूर्ण पेटी निघाली, त्यांनी घरातल्या तुकोबांकडे कसं बघितलं असेल, ते मला सांगायला नको. मी तसंच बघितलं होतं. आणि 2018 साली राज्य सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेली आमची पिशव्यांची पिशवी एका रात्रीत ठेव होऊन बसली. सरकारचा हेतू असा, की लोकांनी पिशव्या सोडाव्यात. कान्होबाने त्यातून काढलेला अर्थ असा, की आता नव्या मिळणार नाहीत, तेव्हा आहेत त्या जपा.

इथवर कान्होबांची वकिली झाली. आता तुकोबांचं म्हणणं ऐकायला हवं. त्यातला खरा मुद्दा बायकोने फार साध्या वाक्यात मांडला. ती म्हणाली, "तुमच्या आईचं घर भरलेलं होतं. आपलं तुंबलंय."

विचार केला तर हे तंतोतंत खरं आहे. आईच्या घरात वस्तू खूप होत्या, पण एकही वस्तू बसून नव्हती. साडीचंच बघा. नवी साडी लग्नाकार्याची. तिची नवाळी ओसरली की बाहेर जायची, मग घरात नेसायची. विरली की तिच्या मऊ भागातून नव्या बाळाची दुपटी आणि लंगोट निघत. उरलेल्या भागाचे थर घालून गोधडी शिवली जाई, दुपारच्या वेळी, धावदोऱ्याने, चारी बाजूंना चार बायका बसून. गोधडी फाटली की तिचं पायपुसणं, पायपुसण्याच्या चिंध्या झाल्या की पोतेरं, आणि पोतेरं पार कामातून गेलं की बंबात. तोवर बंबातलं गरम पाणी अंगावर घेणाऱ्या मुलीसाठी नव्या साड्या बघायची वेळ आलेली असे. आजोबांचं धोतर जुनं झालं की त्याच्या फडक्यात श्रीखंडाचा चक्का टांगत. वर्तमानपत्र वाचून झालं की फडताळात अंथरलं जाई, वर्षाने काढून त्याची पुडी होई.

साठवण तर केवढी होती! उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायचं. गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला, तांदळाला बोरिक पावडर, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे, आणि त्यांच्यावर राखणीला घरातलं सर्वात खादाड मूल. डब्यांची उतरंड छताला टेकायची. पण तो सगळा साठा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपायलाच हवा, असा दंडक होता. तो पाळला नाही तर सोंडे आणि पोरकिडे येऊन हिशेब पुरा करत. साठ्याला मुदत होती आणि ती मुदत किडे बघत होते.

प्लास्टिकच्या डब्याला सोंडे लागत नाहीत, हे आपलं दुर्दैव. हॉटेलातून पार्सल आलं, की आमटी संपते आणि डबा राहतो. चांगला जाड, पारदर्शक, झाकणाचा डबा. टाकवत नाही. कुणाला द्यावा, तर ज्याला द्यायचा त्याच्या घरी असे चाळीस. मोबाइलचा खोका आधी वॉरंटीसाठी ठेवायचा, वॉरंटी संपली की पुढे विकताना लागेल म्हणून ठेवायचा, आणि मोबाइल पाण्यात पडून गेला की इतका छान खोका म्हणून ठेवायचा. त्या खोक्यात मग जुन्या मोबाइलचा चार्जर ठेवायचा. चार्जरची गोधडी होत नाही. पुढचा जन्म नसलेल्या वस्तू आपल्या घरात आल्या आणि आपण त्यांना जुन्याच सवयीने पुढच्या जन्मासाठी जपून ठेवू लागलो, ही सगळी भानगड इथून सुरू झाली.

शिवाय वस्तू आत येण्याच्या वाटा केवढ्या वाढल्या. पूर्वी वस्तू घरात यायची ती बाजारातून, पिशवीतून, घासाघीस करून, बसच्या गर्दीतून. प्रत्येक वस्तूला घरी पोचण्यासाठी थोडे कष्ट पडत आणि अर्ध्या वस्तू त्या कष्टांच्या भीतीनेच दुकानात राहत. आता अंथरुणात पडून अंगठा टेकवला की दहा मिनिटांत बेल वाजते. एकावर एक मोफत असेल तर गरज नसलेली एकच वस्तू आणणं मूर्खपणाचं वाटतं, म्हणून आपण गरज नसलेल्या दोन आणतो. बाहेर जाण्याची वाट मात्र एकच उरली: ओला कचरा डावीकडे, सुका कचरा उजवीकडे.

तरी काही वस्तू आपल्याकडे अजून फिरत्या आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटतात, ते बघा. प्लास्टिकची चाळणी, स्टीलची वाटी, कुंकवाची डबी. एका घरातून निघालेली वाटी पुढच्या संक्रांतीला तिसऱ्या घरी पोचलेली असते. ओटीतला ब्लाउजपीस तर नोटेसारखा आहे. त्याचं काही शिवावं ही अपेक्षाच नाही, तो फक्त या हातातून त्या हातात जायचा. घडीवरचा मळ बघून जाणत्या बायका सांगतात, हा कुठल्या लग्नात चलनात आला. बायकोच्या कपाटात अशा ब्लाउजपिसांचा एक कप्पा आहे आणि तिच्यासारख्या कडव्या तुकोबानेही तो कधी पसारा मानलेला नाही. कारण तो रोज थोडा कमी होतो आणि रोज थोडा वाढतो.

याच्या नेमकी उलट जात म्हणजे स्मृतिचिन्ह. सभेत शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देऊन सत्कार करतात. श्रीफळाची चटणी होते. शाल पुढच्या सत्काराला दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. पण त्या लाकडी फळीवर पितळी पत्रा ठोकून आपलं नाव, तारीख आणि मंडळाचं बोधचिन्ह कोरलेलं असतं, ते कुणाला द्यायचं? नाव कोरलं की वस्तूची वाट खुंटली. आपल्या घरातल्या जुन्या भांड्यांवरही नावं होती, 'अमक्याकडून तमकीस सप्रेम भेट' अशी, पण त्या भांड्यात निदान आमटी करता येत होती.

वस्तू पुढे सरकवण्याच्या या व्यवस्थेत सर्वात हुशार बाई म्हणजे बोहारीण. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत भांडी, काखेत कापडांचं गाठोडं. दुपारी जेवणं आटोपून बायका जरा टेकल्या की गल्लीत हाळी यायची. आई कपाटातून निवडून ठेवलेली कापडं ओटीवर मांडायची. बोहारीण प्रत्येक साडी उलगडून उजेडाकडे धरायची, दोन्ही हातांनी आडवी ताणायची आणि जिथे वीण विरलेली असेल तिथे बरोब्बर बोट घालायची.

"वैनी, हे इरलंय बघा."

"इरलंय कुठे? मागच्या लग्नात नेसले होते की."

"मागच्या म्हंजी कुनाच्या?"

इथे आई गप्प व्हायची, कारण ते लग्न तिचंच असण्याची शक्यता असे. मग बाबांची पँट निघायची. "पँट बरी हाय, पन चेन गेलीया." मग बोहारीण पाटीतलं एक पातेलं काढून वाजवून दाखवायची, आई त्याच्या शेजारच्या परातीकडे बोट दाखवायची, बोहारीण "आनी दोन कापडं टाका" म्हणायची, आई आत जायची, एक चादर आणायची आणि तास-दीड तासाने दोघी एकमेकींना लुटल्याचं समाधान घेऊन उठायच्या.

1990 साली डॅनिएल कानेमन, जॅक क्नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉर्नेल विद्यापीठातल्या अर्ध्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग वाटले आणि उरलेल्या अर्ध्यांना ते विकत घ्यायला सांगितलं. ज्यांच्या हातात मग होता, ते त्याची किंमत घेणाऱ्यांच्या अंदाजे दुप्पट लावत होते. मग तोच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा. हातात आला एवढ्यानेच तो महागला. थेलर यांना पुढे 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या ओटीवर दर दोन महिन्यांनी हाच प्रयोग व्हायचा आणि बोहारीण त्याचा निकाल जागच्या जागी लावायची. साडीची किंमत साडीत नसून आईच्या मनात आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. साडीचं पातेलं आणि मनाचं काही नाही, असा तिचा रोखठोक भाव.

तिच्याकडून जाणारं कापडही पुढे चालत राहायचं. बोहारणीच्या गाठोड्यातली बरी कापडं शिवून-धुऊन पुन्हा बाजारात बसतात, स्वस्तात विकली जातात, कुणाच्या तरी अंगावर चढतात. अगदीच गेलेल्या चिंध्या यंत्रं पुसायला कारखान्यांत जातात. जुन्या लोकरीचं तर पानिपतात सूत काढून पुन्हा घोंगड्या-ब्लँकेटं विणतात. (तिथे आपल्यापैकी अनेकांचे स्वेटर गेले असतील. मराठी माणसाचं पानिपताशी असलेलं नातं एवढं साधंही असू शकतं.)

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. बोहारीण आल्याने घरातला पसारा कमी होत नसे. कापडं जात आणि भांडी येत. ती भांडी रोजच्या वापरात नसत, कारण ती नवी असत. आणि नवी म्हणून माळ्यावर जात. आमच्या माळ्यावर एकात एक बसवलेल्या पातेल्यांचा मनोरा होता, त्यातलं सर्वात आतलं पातेलं कुणी पाहिलेलं नव्हतं.

अलीकडे आवरण्याचंही शास्त्र झालं आहे. जपानच्या मारी कोंडो यांनी सांगितलं, की प्रत्येक वस्तू हातात घ्या आणि ती मनाला आनंद देते का ते बघा. देत नसेल तर तिचे आभार माना आणि तिला निरोप द्या. आभाराचा भाग आपल्याला नवा नाही. आपण खंडेनवमीला पोळपाट-लाटण्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावतो आणि लक्ष्मीपूजनाला केरसुणीच्या पाया पडतो. पंचाईत होते ती आनंदाच्या कसोटीवर. झारा हातात घेऊन मला आनंद होत नाही. प्रॉव्हिडंट फंडाची पावती हातात घेऊन होतो, पण तो पावतीचा नव्हे. कोंडोबाईंनी स्वतः 2023 मध्ये सांगितलं, की तिसरं मूल झाल्यापासून त्यांनी टापटिपीचा नाद बराच सोडला आहे. ते वाचलं तेव्हापासून मला त्या घरच्या वाटू लागल्या.

आणि कमीत कमी वस्तूंत जगण्याचा धडाच हवा असेल, तर आपल्याला इतक्या दूर जायचं कारण नाही. गाडगेबाबा एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात गाडगं एवढ्या ऐवजावर आयुष्यभर हिंडले. गावात शिरलं की खराटा चालायचा, भाकरी मिळाली की गाडग्यात घ्यायची. त्यांनी पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी लोकांसाठी धर्मशाळा बांधवून घेतल्या, स्वतःसाठी घर नाही. मला त्यात विशेष वाटतं ते खराट्याचं. दोनच वस्तू बाळगायच्या ठरवल्या आणि त्यातली एक दुसऱ्यांच्या अंगणासाठी निवडली. आपण दोन वस्तूंची यादी करायला बसलो, तर मोबाइल आणि चार्जर यांच्यापुढे सरकणार नाही.

पण गाडगेबाबा होणं आपल्याच्याने जमण्यातलं नाही, आणि कान्होबांकडे एक शेवटचा हुकमाचा पत्ता असतो. आमच्या पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी 1920 च्या सुमारापासून वस्तू गोळा करायला सुरुवात केली. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा त्यांचा जीव घरगुती वस्तूंत जास्त. अडकित्ते, समया, दौती, कुलपं, फण्या, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्री. ज्यांना कुणी कला म्हटलं नव्हतं, त्या वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून मिळवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. आज तिथे वीस हजारांवर वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे संग्रहालयालासुद्धा माळा आहे! ही बातमी मी घरी मोठ्या विजयाने सांगितली. म्हटलं, सगळे तुकोबा असते तर ही वज्री कुठून दिसली असती? फार कशाला, खुद्द तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांसारख्यांनी वह्यांत उतरवून जपले म्हणून आपल्यापर्यंत आले.

बायकोने हातातली भाजी निवडायची थांबवली नाही.

"केळकरांना त्या वस्तू मिळाल्या कुठून?" तिने विचारलं.

"लोकांकडून."

"म्हणजे लोकांनी सोडल्या तेव्हा मिळाल्या ना? प्रत्येकाने असू दे म्हणून डब्यात घातल्या असत्या तर?"

मी काही बोलणार तोवर ती पुढे म्हणाली, "आणि एवढं सगळं जमवून त्यांनी शेवटी केलं काय?"

याचं उत्तर मला माहीत होतं, म्हणून मी दिलं नाही. केळकरांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आयुष्यभर अडकित्ता-अडकित्ता करून जमवलेलं सगळं एका सहीने घराबाहेर काढलं. महाराष्ट्रातला सर्वात मोठा कान्होबा अखेरीस तुकोबांच्या वाटेने गेला. त्याने नदी तेवढी निराळी निवडली, जिच्यात टाकलेली वस्तू लोकांना तिकीट काढून बघता येते.

तेव्हापासून आमच्या घरात तह झाला आहे. 'टाक' हा शब्द बायकोने वापरायचा नाही आणि 'असू दे' मी म्हणायचं नाही. दोघांनी एकच प्रश्न विचारायचा: कुणाला? वस्तू हातात घ्यायची आणि तिचा पुढचा मुक्काम कुणाकडे ते सांगायचं. सांगता आलं तर ती त्याच आठवड्यात निघते. 'टाकू का' असं विचारलं की माझी मूठ घट्ट होते, पण 'खालच्या मजल्यावरच्या मुलाला देऊ का' म्हटलं की मी ती वस्तू पुसून, तिला तेल घालून, वर दोन खिळे जास्तीचे देऊन पोचवून येतो. माझी शिवणाची पेटी अशीच गेली. जुने दिवाळी अंक वाचनालयात गेले. पितळेची भोकं पडलेली भांडी मोडीत गेली आणि त्यांच्या पैशांतून रोजच्या वापराची एक कढई आली, एकच. कपाटाची किल्ली बहिणीला कुरियरने पाठवली. तिने फोन करून सांगितलं, की चमच्याच्या दांड्याची इतकी सवय झाली आहे की किल्ली कुठे ठेवावी ते कळत नाही, तेव्हा सध्या एका डब्यात टाकली आहे. आमचंच रक्त.

घेण्याच्या बाबतीतही हाच प्रश्न चालतो, आणि तिथे तो जास्त कामाला येतो. घरात येऊ बघणारी वस्तू आपलं काम झाल्यावर कुणाकडे जाणार, हे दुकानातच ठरवायचं. साडीला उत्तर असतं, पुस्तकाला असतं, लोखंडी तव्याला तर नातवापर्यंत असतं. सहा फळांचे आकार कापणाऱ्या यंत्राला नसतं. मग ते यंत्र दुकानातच छान दिसतं. पसारा आवरायचा म्हणून बायको एकदा झाकणाचे आठ मोठे खोके मागवणार होती, तेव्हा मी तिला विचारलं, "आणि हे खोके कुणाला?" तुकोबांना निरुत्तर करण्याची संधी कान्होबांना तीनशे-चारशे वर्षांत एकदाच मिळते; मी ती सोडली नाही.

हा नियम या अंकालाही लागू आहे. वाचून झाला असेल तर 'असू दे' म्हणून पलंगाखालच्या कप्प्यात सारू नका. शेजारी द्या. शेजाऱ्यांनीही हाच अंक घेतला असेल, तर त्यांच्या फडताळात अंथरा आणि त्यांचा तुमच्या.